धूसर हवेतील दिशाभ्रम

दि. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातून एक लहान खासगी विमान मार्थाज व्हिनयार्ड या बेटाकडे निघाले. दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन ते स्वतः चालवीत होते. बरोबर त्यांची पत्नी व मेहुणी होत्या. बेट काही मैलांवर राहिले असता विमान समुद्रात कोसळले व तिघेही मृत्यू पावले. यंत्रात बिघाड आढळला नाही. वादळही नव्हते. हवा धूसर, रात्र अंधारी आणि खाली अथांग पाणी, एवढेच. वैमानिकास दिशाभ्रम झाला व विमान त्याच्या ताब्यात राहिले नाही, असा निष्कर्ष २००० साली चौकशीअंती निघाला.

हा भ्रम होतो कसा? मनुष्याच्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव क्षणभर मागे रेंगाळतो. त्यावरून मेंदूस वळण कळते. परंतु वळण संथपणे चालूच राहिले, तर थोड्याच सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळण थांबल्यासारखे वाटते. उलट, फुगडी थांबली तरी द्रव फिरतच राहतो, म्हणून मुलीला जमीन फिरताना दिसते. एरवी डोळे ही चूक सुधारतात. पण क्षितिजच लोपले तर डोळ्यांनी काय करावे? विमान एका अंगावर कलून खाली घसरू लागते आणि वैमानिकास मात्र ते समतल भासते. उंची घटलेली पाहून तो नाक वर खेचतो. त्यामुळे वळण अधिकच आवळत जाते.

यावर उपाय म्हणजे ‘कृत्रिम क्षितिज’ दाखविणारे यंत्र. केनेडींच्या विमानात ते होते. मात्र केवळ यंत्रांच्या आधारे उड्डाण करण्याचा परवाना त्यांना अद्याप मिळाला नव्हता, शिक्षण चालू होते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाच्या एका प्रयोगात असे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसू न देता विमान चालविण्यास सांगितले. सरासरी १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटांच्या आत, प्रत्येकाचा ताबा सुटला.

सारे शरीर एक सांगत असता यंत्राचा काटा दुसरेच सांगतो, तेव्हा काट्यावर विश्वास ठेवणे नुसत्या धैर्याने साधत नाही. त्यास दीर्घ सराव लागतो. तो नसेल, तर विमान जमिनीवरच ठेवून सकाळची वाट पाहण्यात कोणताही कमीपणा नाही.