सत्तरपैकी किती?

आपल्याकडे स्लॅब पडला म्हणजे घरावर छप्पर आलं. नाण्यांच्या बाजारात स्लॅब म्हणजे तळहातात मावणारी पारदर्शक प्लॅस्टिकची डबी. कडा यंत्राने अशा सांधलेल्या की उघडायची तर फोडावीच लागते. आत नाणं, वर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एक आकडा. माझ्या टेबलावर अशा डबीत १८८१ चा मॉर्गन डॉलर आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचा. आकडा आहे एमएस ६४. एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, न वापरलेलं नाणं.

बाकीचे दिवे मालवून एकच टेबललॅम्प ठेवला आणि डबी हळूहळू कलती केली, की चांदीवर चकाकीचा एक पट्टा बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. तो कुठे अडखळतो तेवढं बघायचं. इथे नाण्यावरच्या लिबर्टीदेवीच्या गालावर अडखळतो, कारण तिथे दोन बारीक चरे आहेत. हे डॉलर हजार-हजारच्या गोण्यांत भरले जायचे आणि एकमेकांवर आपटायचे, त्याचे हे वण. पण कानावरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती, हे आधी झिजणारे उंचवटे शाबूत आहेत. म्हणजे नाणं हातोहात फिरलेलं नाही, म्हणून ६० च्या वर. आता ६३ का नाही किंवा ६५ का नाही, हे त्या दोन चऱ्यांकडे बघणारा किती कडक आहे यावर ठरतं. काही सालांच्या डॉलरमध्ये या एका गुणाने किंमत अनेक पटींनी बदलते.

विकणारा ६५ म्हणणार, घेणारा ६३. मग तिसरा हवा. हा तिसरा आपल्याला नवा नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये चालायचे, एकाच्या बदल्यात दुसरा घ्यायचा तर बट्टा द्यावा लागायचा, आणि सरकारात भरणा होण्याआधी पोतदार नाणं पारखून घ्यायचा. वजन, आवाज, कस. आडनाव राहिलं, धंदा गेला. फरक एवढाच, की पोतदाराला चांदीशी मतलब होता. स्लॅबवाल्यांना नाण्याच्या कातडीशी आहे. ६३ आणि ६५ मध्ये चांदी गुंजभरही कमीजास्त नसते. सराफांनी खात्रीसाठी रुपयावर मारलेली बारीक ठशी तेव्हा भरवसा वाढवायची. आज त्याच ठशीला नुकसान समजतात.

सत्तर गुणांची ही पट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडली, तीही फक्त जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. ७० गुणांचं नाणं १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं, असा त्याचा सरळ हिशेब होता. भाव बदलले, हिशेब मोडला, पट्टी मात्र सगळ्या नाण्यांना चिकटली. गंमत पुढेच आहे. शेल्डनच्या मृत्यूनंतर उघड झालं, की या गृहस्थांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी आपले हलक्या प्रतीचे ठेवले होते. अशी शंभराहून जास्त नाणी निघाली, प्रकरण कोर्टात गेलं. प्रतीतला फरक त्यांना नेमका कळत होता, यात शंका नाही.

अमेरिकेतल्या नाणेसंग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ मध्ये खरं-खोटं ठरवणारी सेवा काढली, तीच एएनएसीएस. १९७९ पासून ती प्रतही सांगू लागली, पण फोटो लावलेल्या कागदावर. कागद एकीकडे आणि नाणं दुसरीकडे, म्हणजे अदलाबदलीला वाव. डेव्हिड हॉल आणि इतर काही व्यापाऱ्यांनी १९८६ मध्ये पीसीजीएस ही कंपनी सुरू केली, पुढच्या वर्षी एनजीसी आली, आणि नाणं नि आकडा एकाच डबीत बंद झाले. वर हमी: आमचं चुकलं तर भरपाई आमची. नाणं न बघताच सौदे होऊ लागले.

या कंपन्यांवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न मोघम विचारला की उत्तरही मोघम मिळतं. त्याचे दोन तुकडे करावेत. नाणं अस्सल आहे का, हा पहिला. इथे दोन्ही मोठ्या कंपन्यांचं काम भक्कम आहे. वजन, धातू, ठशाच्या बारकाव्यांची तुलना, पाठीशी लाखो नाण्यांचा अनुभव. शिवाय चुकलं तर खिशाला चाट. प्रत किती, हा दुसरा तुकडा, आणि तो मताचा आहे. तपासनीस अंधाऱ्या खोलीत एका दिव्याखाली बसतो, नाणं कुणाचं ते त्याला सांगत नाहीत, नाण्यामागे काही सेकंद मिळतात. दोघांतिघांची मतं घेऊन आकडा ठरतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० मध्ये पीसीजीएसला याच मुद्द्यावर धरलं: प्रतवारी वस्तुनिष्ठ आणि सातत्याची असल्याचा जाहिरातीतला दावा फुगवलेला आहे. प्रकरण तडजोडीने मिटलं. त्याच वर्षी कंपनीने मॉर्गन डॉलर तपासणारा संगणक दाखवला होता. तो फार दिवस टिकला नाही. चरे मोजणं यंत्राला जमेल, पण चरा गालावर आहे की केसांत लपलाय, याचा बघणाऱ्याला किती त्रास होतो ते मोजायचं कसं?

परीक्षकांची खरी परीक्षा बाजारानेच घेतली. ६४ ची डबी फोडायची, तेच नाणं पुन्हा पाठवायचं, ६५ येईपर्यंत पाठवत राहायचं. काही व्यापाऱ्यांचा हाच धंदा आहे. जुनी चिठ्ठी परत केली नाही, तर कंपनीच्या यादीत एकाच नाण्याची तीन-तीन नाणी होतात आणि दुर्मीळ कोण, हा हिशेबच बिघडतो. दुसरी खूण मला जास्त बोलकी वाटते. पीसीजीएसच्या पहिल्यावहिल्या डब्यांत नाणं सैल बसायचं आणि हलवलं की वाजायचं, म्हणून त्यांना ‘रॅटलर’ म्हणतात. आपण खुळखुळे म्हणू. आज या खुळखुळ्यांना जादा भाव मिळतो, कारण त्या काळी हात आखडता होता. तेव्हाचा ६४ आज ६५ होईल अशी आशा असते. कंपनी तीच, आकडाही तोच, तरी भाव चिठ्ठीच्या वयावर. सैल झालेल्या प्रतवारीवर याहून उघड शेरा कुठला?

एनजीसीचे संस्थापक जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सीएसी काढली. काम काय, तर या दोन कंपन्यांच्या डब्या तपासायच्या आणि आकडा पटला तर वर हिरवी चिकटपट्टी लावायची. प्रत कमीच दिली असं वाटलं तर सोनेरी. तिसऱ्यावर हा चौथा. पुढे २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच्या डब्याही सुरू केल्या. आता त्यांच्यावर पाचवा कधी येतो, ते बघायचं. दरम्यान बनावट नाण्यांपाठोपाठ बनावट डब्याही आल्या. त्यामुळे चिठ्ठीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत शोधून तिथल्या फोटोशी नाणं ताडून बघावं लागतं. मीही बघतो. माझ्या डॉलरच्या गालावरचे दोन्ही चरे फोटोत जागच्या जागी आहेत.

घरी लक्ष्मीपूजनाला मांडायचे व्हिक्टोरियाचे पाच रुपये आहेत. त्यांतला एक १८६२ चा. साल तेच ठेवून तो रुपया १८७४ पर्यंत पाडत होते. मुंबईच्या टांकसाळीने खऱ्या वर्षाच्या खुणेला बारीक ठिपके घातले. ते ठिपके कुणी मोजून चिठ्ठीवर लिहावेत, असं मला फार दिवस वाटत होतं. पण आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते या कंपन्यांकडे, फ्लोरिडाला किंवा कॅलिफोर्नियाला, धाडता येत नाही. धाडता आलं असतं तरी आकडा मिळाला नसता. आजी दर दिवाळीला हे रुपये चिंचेच्या कोळाने आणि रांगोळीने लख्ख घासायची. कंपन्यांच्या भाषेत याला ‘क्लीन्ड’ म्हणतात, आणि अशा नाण्याला गुण देत नाहीत. मी घरच्या काट्यावर वजन केलं. भरायला हवं ११.६६ ग्रॅम, भरलं ११.४. उरलेली चांदी पन्नासेक दिवाळ्यांच्या रांगोळीबरोबर मोरीत गेली असणार. ठिपके भिंगातून मीच मोजले, दोनदा. एकदा चार आले, एकदा पाच.