कुंभकोणमला पहिल्यांदा जाताय? मग दुपार आधी ठरवा

तमिळनाडूची सहल म्हटली की आपण मदुराई आणि रामेश्वरम धरतो, आणि कुंभकोणमला "जाता जाता दोन तास" देतो. तिथेच गणित चुकतं. आईवडिलांना घेऊन एवढ्या लांब एकदाच जाणं होतं, आणि दारात पोहोचावं तर मंदिर बंद! म्हणून आजचा भाग.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. इथली बहुतेक मंदिरं दुपारी 12 ते 12:30 च्या सुमारास बंद होतात आणि 4 नंतर उघडतात. आपल्याकडे पंढरपूर-तुळजापूरला दिवसभर दर्शनाची सवय असते, त्यामुळे हे लक्षात येत नाही. तेव्हा दिवसाचे दोन भाग करा. सकाळी सहा-सातला बाहेर पडा, दुपारी जेवून चक्क झोपा आणि चारनंतर पुन्हा निघा. दुसरा फायदा म्हणजे पाय भाजत नाहीत. मंदिरात अनवाणी चालावं लागतं आणि उन्हात दगडी फरशी चांगलीच तापते. ज्येष्ठांसाठी जाड मोजे जवळ ठेवा.

सकाळच्या भागात गावातली मंदिरं घ्या. आदि कुंभेश्वर शंकराचं आणि सारंगपाणी विष्णूचं, दोन्ही चालत होतात. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरच गणिती श्रीनिवास रामानुजन यांचं घर जपून ठेवलंय. मुलं बरोबर असतील तर ते चुकवू नका.

संध्याकाळचा भाग दारासुरमसाठी ठेवा. गावापासून जेमतेम चार किलोमीटर, रिक्षाने जाता येतं. तिथलं ऐरावतेश्वर मंदिर दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलं आणि 2004 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. घोडे जुंपलेल्या रथासारखा मंडप बघा. बैल आणि हत्ती यांना मिळून एकच डोकं असलेलं छोटं शिल्पही शोधा. उतरत्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं.

आता कधी जायचं? आपण दिवाळीच्या सुट्टीत निघतो, पण तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा असतो. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. फक्त जानेवारीच्या मध्यात पोंगल असतो, तेव्हा गाड्या तुडुंब भरतात.

आणखी एक तारीख सांभाळा. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो, आणि त्याच योगावर, माघाच्या पौर्णिमेच्या सुमारास, इथे महामहम भरतो. मागचा 2016 साली झाला, पुढचा 2028 मध्ये आहे. 1992 साली महामहम तलावावर चेंगराचेंगरीत अनेक जण दगावले. म्हणून लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर मुख्य दिवस टाळा. एरवी तोच तलाव आणि काठावरचे सोळा मंडप निवांत बघता येतात.

पोहोचायचं कसं? चेन्नईहून रेल्वेने साधारण सहा तास. कुंभकोणमच्या बऱ्याच गाड्या एग्मोर स्थानकावरून सुटतात. तुमची मुंबई-पुण्याची गाडी सेंट्रलला येते की एग्मोरला, हे तिकिटावर आधी बघा आणि मध्ये पुरेसा वेळ ठेवा.

भाषेची काळजी नको. हिंदी सगळीकडे चालेलच असं नाही, पण "अण्णा" आणि "अक्का" हे शब्द आपलेच आहेत. "एव्वळवु?" म्हणजे किती, "पोदुम" म्हणजे पुरे. केळीच्या पानावर वाढणारा थांबत नाही, तेव्हा दुसरा शब्द नक्की लागतो! सकाळी इडलीबरोबर मूगडाळ-बटाट्याचं "कडप्पा" मागा आणि वर पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी घ्या.

शेवटचं सांगणं. एक दिवस जास्त काढा आणि चाळीस किलोमीटरवरच्या तंजावरला जा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या घराण्याने तिथे 1855 पर्यंत राज्य केलं. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरून घेतलेला लांबलचक मराठी शिलालेख आहे. घरापासून हजारभर किलोमीटरवर दगडावरची देवनागरी मुलांना स्वतः वाचू द्या. हे दोन तासांच्या धावपळीत होत नाही. म्हणून कुंभकोणमला किमान दोन मुक्काम करा.

भेटू पुढच्या भागात.