शेठजींच्या पश्चात

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात एखाद्या संचाची वार्षिक दुरुस्ती निघाली की आमच्या शाखेतील वर्दळ वाढत असे. १९७४ साली येथील पहिला संच सुरू झाला आणि केंद्राच्या आसऱ्याने परिसरात कितीतरी लहान कारखाने उभे राहिले. कोणी पाइपांचे जोडकाम करी, कोणी कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांचे रोलर दुरुस्त करी, कोणी झिजलेले सुटे भाग लेथवर पुन्हा घडवून देई. अशाच एका कारखान्याचे कॅश क्रेडिट खाते माझ्याकडे होते. मालक आपले समाजबांधव, शिक्षण जुनी मॅट्रिक. हा भाग बाहेरून यायला सहा महिने लागतील, असे एखाद्या अभियंत्याने म्हटले की ते तो भाग हातात घेऊन उलटसुलट न्याहाळीत आणि "राहू द्या इथे, बघतो" एवढेच म्हणत. बहुतेक वेळा पंधरवड्यात तो भाग तयार होई. क्वचित फसेही. फसला की पैसे मागत नसत.

नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी हे गृहस्थ अकस्मात निवर्तले. एकल मालकीच्या खात्यात मालक गेला की व्यवहार थांबवावे लागतात. वारसांची कागदपत्रे, नवे करारपत्र, नवे मूल्यांकन असा तो सारा क्रम असतो. मी नियमाप्रमाणेच वागलो, आणि वाढीव तारणही मागितले. वरिष्ठांनी तसे सांगितले नव्हते. माझ्याच मनाने घेतले की कर्ज आपण यंत्रांवर दिले नव्हते, त्या माणसावर दिले होते, आणि आता तो माणूस उरला नाही. कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत दुरुस्तीचा हंगाम सरला. मुलगा मला काका म्हणत असे. तो सज्जन आणि हिशेबाला चोख होता. वर्षभरात त्याने घडवण्याचे काम कमी करून तयार भाग आणून पुरवण्याचे काम वाढवले. खाते एकदाही थकले नाही. ताळेबंद वडिलांच्या काळापेक्षा नीटस झाला. मात्र "राहू द्या इथे, बघतो" हे शब्द त्या शेडमध्ये पुन्हा ऐकू आले नाहीत.

निवृत्तीनंतर शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगांविषयी वाचू लागलो तेव्हा ही शेड वारंवार आठवत राहिली. प्रमाणात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मान्य. पण द्रष्टा संस्थापक गेल्यावर कंपनीत नेमके काय बदलते, या प्रश्नाचा विचार करायला आपल्या समाजात आणि आपल्या महाराष्ट्रात याहून मोठे उदाहरण मला दिसत नाही.

सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांचे नाव या मासिकाच्या वाचकांना 'जैन बोधक'मुळे परिचित आहे. आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना सोलापुरातील त्यांच्या नावाच्या कॉमर्स कॉलेजमुळेही ते ठाऊक असते. त्यांचे चिरंजीव वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२चा. घरचा व्यवसाय व्यापाराचा आणि सावकारीचा. त्यात वालचंदांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेची कंत्राटे घेतली आणि पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत मजल मारली. पहिले महायुद्ध संपताच, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे 'लॉयल्टी' हे जहाज विकाऊ असल्याचे कळल्यावर, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून लंडनला निघाले. आज तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

येथून पुढची त्यांची वाटचाल पाहिली तर प्रत्येक पावलामागे एकच प्रश्न आढळतो : ही वस्तू आपल्याकडे का होत नाही? जहाजे विकत घेऊन चालवतो, तर बांधत का नाही? विशाखापट्टणमला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. अमेरिकेहून परतताना विल्यम पॉली हा विमान व्यवसायातील गृहस्थ त्यांना भेटला. त्या ओळखीतून म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. मोटारींसाठी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली आणि क्रायस्लरशी करार झाला. वालचंद स्वतः अभियंते नव्हते. ज्याला येते त्याला गाठणे, भांडवल उभारणे, सरकारशी भांडणे आणि हे सारे एकाच वेळी करणे, ही त्यांची विद्या होती. बँकेच्या दृष्टीने पाहिले तर असा ऋणको भीतीदायकच. एक उद्योग पुरता स्थिरावण्याआधी तो दुसऱ्याची कोनशिला बसवतो!

१९४९ नंतर प्रकृती ढासळली, १९५० मध्ये ते कामकाजातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांना पुत्र नव्हता. उद्योगांची धुरा बंधूंकडे आणि पुढे पुतण्यांकडे गेली. यांपैकी दोन उद्योग मात्र त्यांच्या हयातीतच हातून निसटले होते. युद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, विमान कंपनी सरकारने आपल्याकडे घेतली. जहाज कारखान्यातून १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जल उषा' पाण्यात उतरली, पण १९५२ मध्ये त्याचाही ताबा सरकारकडे गेला. ज्या माणसाने आयुष्यभर परकीय सरकारशी झुंज दिली, त्याचे एक स्वप्न अखेर स्वकीयांच्या सरकारनेच चालवायला घ्यावे, हे त्याला कसे वाटले असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

आता नंतरचे पाहू. बंगळूरच्या कारखान्यात वि. मा. घाटगे या मराठी वैमानिक अभियंत्याच्या हाताखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडले आणि ते १९५१ साली उडाले. दशकभराने, १९६१ मध्ये, 'मारुत' हे लढाऊ विमान झेपावले. १९६४ मध्ये कंपनीचे नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले. नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना तिचाच. या कंपनीवर दिरंगाईचा ठपका अनेकदा आला आहे आणि तो निराधार म्हणता येणार नाही. तरीही ती घडवत राहिली. याचे कारण तिच्या व्यवस्थापनापेक्षा तिच्या गिऱ्हाइकात मला दिसते. वायुदल हे असे गिऱ्हाईक आहे की ते कालच्या विमानावर समाधान मानत नाही. संस्थापक विचारीत असे तो अवघड प्रश्न तेथे गिऱ्हाईकच विचारू लागले.

प्रीमियरची कथा अगदी उलट, आणि मला ती अधिक बोलकी वाटते. वालचंदांच्या पश्चात लालचंद हिराचंद आणि त्यानंतर विनोद दोशी यांनी ही कंपनी सांभाळली. माणसे सुसंस्कृत. विनोद दोशींनी नाटकांवर केलेले प्रेम पुणेकरांना त्यांच्या नावाच्या नाट्यमहोत्सवामुळे परिचित आहे आणि सरयू दोशींनी जैन चित्रकलेवर केलेले काम तर आपल्या वाचकांना सांगायलाच नको. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या सहकार्याने गाडी तयार होऊ लागली. १९६४ साली ११०० डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नावे बदलली, गाडी बव्हंशी तीच राहिली. त्याच गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. मी बँकेत लागलो तेव्हा गाडीच्या बुकिंगची पावती ही जवळजवळ मालमत्ता समजली जाई. गाडी येण्याआधीच ती पावती वाढीव किमतीला हातोहात खपे.

किती गाड्या काढायच्या, कोणता भाग बाहेरून आणायचा, यंत्रसामग्री कधी बदलायची, हे दिल्लीच्या परवान्यांवर ठरत होते. त्यामुळे सारा दोष कुटुंबाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वालचंद असते तरी परवाना त्यांनाही घ्यावा लागला असता. ते दिल्लीशी भांडले असते एवढे मात्र खरे. रांगेत उभे असलेले गिऱ्हाईक मात्र कारखान्याला काहीच विचारीत नाही, फक्त "माझा नंबर कधी?" एवढेच विचारते. ही वस्तू आपल्याकडे का होत नाही, या प्रश्नाच्या जागी आपल्याला किती काढायची परवानगी आहे, हा प्रश्न येऊन बसला. तीस वर्षे तो पुरलाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि रांग हळूहळू दुसऱ्या दारात गेली. पुढे प्यूजो आणि फियाट यांच्याशी भागीदारीचे प्रयत्न झाले, पण नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही ती नाहीशी झाली. लोक हळहळले. ती हळहळ खरी होती, पण ती गाडीपेक्षा आपापल्या तारुण्यासाठी होती असे मला वाटते.

उरला इंदापूर तालुक्यातला वालचंदनगरचा साखर कारखाना. तेथे ना विमान, ना जहाज. उसाचे मळे, गाळप आणि यंत्रे दुरुस्त करण्याची शाळा. साठच्या दशकात कमाल जमीनधारणा कायद्याने मळ्यांची जमीन गेली. जे उरले त्यात साखर कारखान्यांची यंत्रे बनवण्याचे कौशल्य होते. त्याच्या बळावर सिमेंट कारखान्यांची यंत्रे, मोठमोठे गिअर आणि अणुऊर्जा खात्याची कामे येत गेली. सत्तरच्या दशकापासून इस्रोसाठी अग्निबाणांची आवरणे बनू लागली. हे आवरण म्हणजे मॅरेजिंग पोलादाचे भले मोठे नळकांडे. त्यात घन इंधन भरतात. जोडकामात केसाएवढी फट राहिली तरी उड्डाणात त्याच्या चिंध्या होतील. म्हणून प्रत्येक सांध्याची क्ष-किरणांनी तपासणी होते, पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते, आणि नापास झाले की काम पुन्हा. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या यानाच्या दोन्ही बाजूंच्या एस-२०० बूस्टरचे काही भाग याच कारखान्यातले. शेठजींनी अग्निबाणाचे स्वप्न पाहिले नव्हते. पण उसाच्या चरकाचा दात घडवणाऱ्या हातांना कोणीतरी येऊन "हे जमेल का?" असे विचारीत राहिले. कंपनीचा ताळेबंद सुखावणारा आहे असे मात्र माझ्यातला बँकवाला म्हणू शकत नाही. गेल्या दशकात तोट्याची वर्षे बरीच आली.

आणखी एक शाखा सांगितल्यावाचून चित्र पुरे होत नाही. बोगद्यांच्या कंत्राटांतून जन्मलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. कोयनेचे धरण तिने बांधले, वांद्रे-वरळी सागरी सेतूही तिचाच. तेथे पुतणे अजित गुलाबचंद यांच्या रूपाने मोठे स्वप्न पाहणारा माणूस घराण्यात पुन्हा जन्मला. त्यांनी लवासा नावाचे नगर वसवायला घेतले. ऑगस्ट २०१८ मध्ये ते प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाले. धरण किंवा पूल बांधताना कोणीतरी मागणारा समोर असतो. तेथे मागणारा आणि देणारा एकच होता.

अॅपलचे स्टीव्ह जॉब्ज ऑक्टोबर २०११ मध्ये गेले, तेव्हा जगभर हीच चर्चा झाली. टिम कुक हे पुरवठा आणि उत्पादन सांभाळणारे गृहस्थ. त्यांच्या हाती कंपनी किती वाढली हे सर्वज्ञात आहे. जानेवारी २०२२ मध्ये तिचे बाजारमूल्य काही काळ तीन लाख कोटी डॉलरवर पोहोचले. आयफोनसारखी दुसरी वस्तू मात्र निघाली नाही, असे टीकाकार म्हणतात. माझ्या कोराडीच्या खातेदाराचा मुलगा म्हणजे एक छोटे टिम कुकच होते, असे मी एकदा घरी म्हणालो तेव्हा नातवाला फार हसू आले. पण ताळेबंद सुधारणे हा काही दोष नव्हे. तो मुलगा पंचवीस-तीस वर्षे घर चालवून, दोन बहिणींची लग्ने करून, कोणाचा एक पैसा न बुडवता जगला. माझे वाढीव तारण त्या मोसमात आडवे आले नसते तर त्याने लेथ चालूच ठेवला असता का, हे मी त्याला कधी विचारले नाही.

आता कोराडीत जुने लहान संच बहुतेक गेले आणि ६६० मेगावॉटचे तीन अजस्र संच उभे आहेत. त्या दुकानावर वडिलांच्या नावाची पाटी अजून आहे. मागच्या शेडमधला लेथ दोन वर्षांपूर्वी हिंगण्याच्या एका तरुणाने विकत घेतला. कर्जाच्या अर्जावर नजर टाकाल का, म्हणून तो माझ्याकडे आला होता. प्रकल्प अहवाल छान टंकलिखित केलेला, पाच वर्षांच्या नफ्याचे अंदाज मांडलेले. मी ते पान बाजूला ठेवले आणि त्याला त्याच्या गिऱ्हाइकांविषयी विचारले : कोण आहेत, आणि गेल्या महिन्यात त्यांनी तुझ्याकडे असे काय मागितले, जे तुला अजून करता येत नाही? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग पिशवीतून कापडात गुंडाळलेला एक झिजलेला लोखंडी तुकडा काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवला.