चेन्नईहून अरिकामेडूकडे

प्राचीन रोमन नगराचे अवशेष म्हटले की पाँपेईचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते गाडले गेले, आणि गाडले गेले म्हणूनच टिकले. फरसबंद रस्ते, दुकाने, भिंतींवरील चित्रे, सारे जागच्या जागी. हेच चित्र मनात बाळगून जो प्रवासी चेन्नईहून अरिकामेडू पाहावयास जाईल, त्याच्या पदरी निराशा ठरलेली. पुदुच्चेरीच्या दक्षिणेस सुमारे ४ किलोमीटरांवर, अरियांकुप्पम नदीच्या काठी आंब्यानारळांची झाडी आणि तीत विटांचे एक उंच पडके बांधकाम, एवढेच तेथे दिसते. बरे, ते बांधकाम तरी रोमकालीन असावे? तेही नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच मिशनऱ्यांनी उभारलेल्या वास्तूचा तो अवशेष होय. त्यापुढे उभे राहून भक्तिभावाने छायाचित्रे काढून घेणारे पुष्कळ असतात. त्यांना ही गोष्ट सांगावी की सांगू नये, हा प्रश्नच आहे.

मग तेथे जावयाचे कशासाठी? याचे उत्तर चेन्नईतच मिळते. म्हणून या प्रवासाचा पहिला दिवस एग्मोर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयासाठी राखून ठेवावा. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे ध्यानात घेऊन वार ठरवावा. तमिळनाडूत ठिकठिकाणी, विशेषतः कोइंबतूर आणि करूरच्या परिसरात, सापडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा साठा या संग्रहालयाकडे आहे. मिरी, मोती आणि तलम कापड यांच्या मोबदल्यात हे सोने-रुपे समुद्रापार येत असे. हिंदुस्थान दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार होती. त्या आकड्यात खरे किती आणि चिडचिड किती, यावर विद्वानांचा वाद आहे. पण नाणी काही खोटी नव्हेत.

अरिकामेडूच्या शोधाची खरी कथाही याच संग्रहालयातून सुरू होते. १९४४ साली पुरातत्त्व खात्याचे नवे महासंचालक मॉर्टिमर व्हीलर येथे आले असता एका कपाटात त्यांना मातीच्या एका भांड्याचा तुकडा दिसला. भूमध्य समुद्राकाठी ज्या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रांजणांतून मद्य आणि तेल रवाना होई, त्या अँफोराचा तो तुकडा होता. तो पाँडिचेरीकडून आला होता. व्हीलर तडक तिकडे गेले. पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होती, आणि तेथील प्राध्यापक जूव्हो-दुब्रॉय यांनी या टेकाडाचे महत्त्व आधीच ओळखले होते. १९४५ मध्ये व्हीलर यांनी उत्खनन केले तेव्हा इटलीतील आरेझो येथील तांबड्या चकचकीत भांड्यांचे तुकडे हाती आले. काहींवर कुंभारांच्या मुद्रा होत्या.

या खापरांचे मोल सोन्याच्या नाण्याहून अधिक आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सोन्याचे नाणे लोक पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात. ते सापडले म्हणून त्या थराचा काळ ठरत नाही. भांडे मात्र वापरात असते, फुटते आणि उकिरड्यावर जाते. आरेझोची ही भांडी कोणत्या दशकांत घडविली जात, हे इटलीत ठाऊक होते. तेव्हा तो तुकडा ज्या थरात सापडला त्या थराचा काळ कळला, आणि त्याच थरातील देशी खापरांचाही. पुढे १९४७ मध्ये कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या उत्खननात तीच देशी खापरे आढळली, तेव्हा तेथील कालगणनाही या पुराव्याच्या आधारे बसविता आली. दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाला जो तारखांचा पक्का खुंटा हवा होता तो या झाडीत मिळाला.

तथापि हे ‘रोमन नगर’ होते काय? व्हीलर यांचा कल याला रोमन व्यापाराची ठाणेवजा वसाहत मानण्याकडे होता. १९८९ ते १९९२ या काळात विमला बेगली यांच्या नेतृत्वाखाली, मद्रास विद्यापीठाच्या सहकार्याने, पुन्हा उत्खनन झाले. त्यातून दिसले की रोमन माल येण्यापूर्वीच येथे वस्ती होती आणि तो व्यापार ओसरल्यावरही ती चालू राहिली. गाव तमिळ लोकांचे होते. परदेशी माल तेथे उतरत असे. काचेचे बारीक मणी येथे घडत आणि दूर देशी जात. ‘पेरिप्लस’मध्ये पोदुके नावाचे बंदर येते ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच ग्रंथात आपले कल्याण, सोपारे आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांचीही नावे आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती ज्याने टाउन हॉल संग्रहालयात पाहिली असेल, त्याला अरिकामेडू परके वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष प्रवास. चेन्नई ते पुदुच्चेरी हे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. किनाऱ्याचा रस्ता मामल्लपुरमवरून जातो. तिंडिवनमचा रस्ता आतून जातो, आणि मराठी माणसाची पावले तेथे अडखळणारच. कारण तिंडिवनमहून जिंजी जवळ आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला आणि राजाराम महाराजांना आश्रय देणारा तो किल्ला पाहावयाचा तर एक दिवस वाढवावा. ऑक्टोबर ते डिसेंबर हे इकडच्या पावसाचे दिवस, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. पुदुच्चेरीच्या संग्रहालयातील अरिकामेडूची खापरे व मणी आधी पाहून घ्यावेत आणि मग सकाळच्या उन्हात टेकाडावर जावे. तमिळमध्ये ‘मेडू’ म्हणजे उंचवटाच. उत्खननाचे चर बुजले आहेत, फलकावर फारसे काही सांगितलेले नाही, आणि नदी काठ खात असते. जमिनीवर एखादे खापर दिसले तर ते पाहावे आणि जेथे आहे तेथेच राहू द्यावे. ही जागा संरक्षित आहे, आणि उचललेल्या खापराला थर उरत नाही.