बंदिवासातून परतलेले मुखवटे

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत व्हँकूवर नावाचे एक लांबोडके बेट आहे. त्याच्या उत्तर भागात आणि समोरच्या लहानमोठ्या बेटांवर क्वाक्वाक्यवाक्व लोकांची गावे आहेत. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण अर्थ अगदी सरळ आहे. क्वाक्वाला भाषा बोलणारे ते क्वाक्वाक्यवाक्व! आपल्या भाषेवरून आपली ओळख सांगणाऱ्या या लोकांविषयी माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला आपुलकी वाटली, तर त्यात नवल ते काय? जुन्या इंग्रजी पुस्तकांतून त्यांना सरसकट ‘क्वाकियुटल’ म्हटलेले आढळते. परंतु ते वास्तविक फोर्ट रूपर्ट येथील एका शाखेचे नाव.

उन्हाळाभर सामन मासे धरावेत, ते धुरावर सुकवून ठेवावेत आणि हिवाळा लागला की धर्मकृत्यांकडे वळावे, असा या लोकांचा परंपरागत वर्षक्रम. हिवाळ्यातल्या सोहळ्याला ‘त्सेका’ म्हणतात. प्रचंड तुळयांच्या मोठ्या घरात मधोमध अग्नी पेटलेला असतो. एका अंगाला गायक ओळीने बसून लांबलचक ओंडक्यावर दांडक्यांनी ठेका धरतात. आणि मग बाहेरच्या अंधारातून एक शीळ ऐकू येते.

मुखवटा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा चेहरा उभा राहतो. येथे त्या चेहऱ्याच्या कितीतरी आधी त्याचा आवाज येतो. या शिट्ट्या तांबड्या सीडर वृक्षाच्या लाकडाच्या असतात. लाकडाचा तुकडा उभा चिरायचा, दोन्ही भाग आतून कोरून पोकळ करायचे, पुन्हा एकमेकांवर बसवून दोरीने घट्ट आवळायचे आणि फटी राळेने बुजवायच्या, अशी त्यांची घडण. बासरीला असतात तशी बोटे ठेवायची छिद्रे त्यांना नसतात. एका नळीचा एकच स्वर. दोन-तीन नळ्या एकत्र बांधल्या की एकाच फुंकरीतून दोन-तीन स्वर निघतात. काहींच्या तोंडाशी पत्ती बसविलेली असते. त्यांचा आवाज अधिक भरड. वाजविणारा मात्र कुणाच्याही दृष्टीस पडता कामा नये. कारण ऐकणाऱ्यांच्या लेखी ते वादन नसतेच. रानातून येणाऱ्या भूतशक्तीचा तो आवाज. दीक्षा न घेतलेल्याने ही वाद्ये पाहायची नाहीत असा दंडक होता, आणि काम झाले की ती पुन्हा पेटीच्या तळाशी जात.

या सोहळ्यातले सर्वांत मानाचे नृत्य ‘हामात्सा’. जगाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या एका नरभक्षक महाशक्तीने झपाटलेला तरुण रानातून परततो तो हेमलॉकच्या फांद्या अंगावर लेऊन, ‘हाप्! हाप्!’ असे ओरडत. ‘हाप्’ म्हणजे खाणे. खुळखुळे घेतलेले सोबती त्याला आवरतात, गाणी त्याला शांत करतात आणि हळूहळू तो माणसांत येतो. शेवटी फांद्या जाऊन त्याच्या अंगावर लाल रंगविलेल्या सीडरच्या सालीची कडी आणि समारंभाचे वस्त्र येते. वाचकांपैकी काहींना हे भयंकर वाटेल. पण नीट पाहिले तर सगळा भर त्या भुकेला माणसाळविण्यावर आहे.

त्या महाशक्तीचे सेवक म्हणजे तीन राक्षसी पक्षी : डोमकावळा, वाकड्या चोचीचा ‘गलुक्वाम्ल’ आणि लांब चोचीने माणसाची कवटी फोडून मेंदू खाणारा ‘हुक्सहुक्व’. काही मुखवट्यांची चोच चार-चार फूट लांब! असा मुखवटा कपाळावर तोलून, सालीच्या झुबकेदार झालरीखाली अंग झाकून नर्तक बसतो, उठतो, उड्या मारतो, आणि आतली दोरी ओढून खट्‌खट् चोच वाजवितो. नाचणाऱ्याला समोरचे धड दिसतही नाही. मानेची काय गत होत असेल ते त्याचे त्यालाच ठाऊक!

बालगोपाळांना मात्र ‘झुनुक्वा’ अधिक आवडेल. ही रानातली काळीकभिन्न, झोपाळू राक्षसीण. पाठीवर टोपली घेऊन मुले पळवायची आणि ओठांचा चंबू करून ‘हू, हू’ करीत हिंडायचे हा तिचा धंदा. पण घरात संपत्ती येते तीही तिच्याच कृपेने. आणखी काही मुखवटे तर यंत्रासारखे आहेत. बाहेरून पक्षी किंवा मासा. दोरी ओढताच त्याचे मुख दुभंगून दोन्ही बाजूंना उघडते आणि आत माणसाचा चेहरा दिसतो! विस्तवाच्या हलत्या उजेडात एवढ्या क्षणी प्रेक्षकांच्या काळजाचा ठोका चुकत असला पाहिजे.

शांतिनृत्याचा थाट निराळा. त्यातल्या शिरोभूषणाच्या पुढे कोरलेली लाकडी पट्टी, तिच्यात चमकणारे शिंपले आणि वर समुद्रसिंहाच्या ताठ मिशांचे कुंपण असते. त्या कुंपणात गरुडाची मऊ पिसे भरून ठेवतात. नर्तकाने मान हलविली की ती पिसे तरंगत पाहुण्यांवर पडतात. तीच शांततेची खूण. पाठीवर गडद निळी घोंगडी असते. तिला लाल किनार आणि शिंपल्याच्या शेकडो बटणांनी काढलेले कुळाचे चिन्ह. कापड आणि बटणे गोऱ्या व्यापाऱ्यांकडून आलेली. चिन्ह मात्र आपले.

हा सारा सरंजाम कुणीही उचलून वापरावा असा नव्हता. अमुक मुखवटा, त्याचे गाणे, त्याचे नृत्य, त्याचे नाव हे सर्व मिळून एका कुळाचा हक्क असतो. तो जन्माने किंवा विवाहाने मिळतो आणि चारचौघांत दाखवून सिद्ध करावा लागतो. त्याच समारंभाचे नाव ‘पोटलॅच’. व्यापाराच्या बोलीतल्या या शब्दाचा अर्थ देणे. आपल्याकडे पाहुणे आहेर आणतात. तेथे यजमानच पाहुण्यांना वाटतो, आणि घेणारा त्या हक्काचा साक्षीदार ठरतो. कागदपत्रे नसलेल्या समाजात हीच सरकारी नोंदणी म्हणा ना! नावे धारण करणाऱ्या, ढालीच्या आकाराच्या तांब्याच्या पत्र्यांना तर येथे अमोल किंमत.

पाद्री आणि सरकारी अंमलदार यांना मात्र हे वाटप म्हणजे शुद्ध उधळपट्टी वाटली. हे लोक ‘सुधारावेत’ म्हणून 1884 साली कॅनडाच्या सरकारने कायदा करून पोटलॅचला बंदी घातली. ती पुढील वर्षापासून अमलात आली. लोक चोरून समारंभ करीतच राहिले. गंमत अशी की, एकीकडे कायदा त्यांचे नृत्य गुन्हा ठरवीत होता, तर दुसरीकडे 1893 च्या शिकागो प्रदर्शनात हीच नृत्ये करायला त्यांच्यातली काही मंडळी सन्मानाने नेलेली होती! फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने फोर्ट रूपर्टच्या जॉर्ज हंट यांच्या साहाय्याने या विधींवर मोठा ग्रंथ लिहिला, तोही याच बंदीच्या काळात, 1897 साली.

1921 च्या नाताळात डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंड या आडबाजूच्या बेटावर मोठा पोटलॅच घातला. होड्या, मोटारबोटी, बिलियर्डची टेबले, शिवणयंत्रे, ग्रामोफोन, पिठाची पोती असे काय काय वाटले गेले! बातमी फुटली. हॅलिडे नावाचा सरकारी एजंट स्वतःच न्यायासनावर बसला आणि 45 जणांवर खटले भरले गेले. गुन्हे कोणते? भाषण करणे, नाचणे, भेटवस्तू मांडणे, त्या पाहुण्यांपर्यंत नेऊन देणे! वीस स्त्रीपुरुष ओकाला येथील तुरुंगात गेले. इतरांना सूट मिळाली ती एका अटीवर : त्यांच्या गावांनी आपला सगळा समारंभी सरंजाम सरकारजमा करावा.

पेट्या उघडल्या. साडेचारशेच्या वर वस्तू बाहेर आल्या. त्यांत डझनावारी मुखवटे होते, वीसहून अधिक तांब्याचे पत्रे होते आणि हामात्साच्या त्या लपवून ठेवायच्या शिट्ट्याही होत्या. अॅलर्ट बे गावच्या चर्चच्या सभागृहात हे सारे बाकांवर मांडले आणि तिकीट लावून लोकांना दाखविले. ज्या वाद्यांकडे घरच्या लेकरांनीही पाहायचे नाही, ती येणाऱ्याजाणाऱ्याने पैसे टाकून पाहिली. मग सामान ओटावा आणि टोरोंटोच्या संग्रहालयांत गेले, काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाला विकले गेले, तर काही वस्तू खात्याचे सर्वांत वरचे अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट यांनी स्वतःसाठी ठेवून घेतल्या. हे गृहस्थ कवी म्हणून नावाजलेले होते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. मालकांच्या हाती पडलेला मोबदला अगदीच तुटपुंजा होता.

बंदी उठली ती 1951 साली, तीही गाजावाजा न करता. सुधारलेल्या कायद्यातून ते कलम गाळले, इतकेच. दोनच वर्षांनी मंगो मार्टिन या वृद्ध शिल्पकाराने व्हिक्टोरिया शहरात स्वतः उभारलेल्या मोठ्या घरात उघडपणे पोटलॅच केला. त्यांनी आणि विली सीवीड यांच्यासारख्यांनी बंदीच्या काळातही छिन्नी खाली ठेवली नव्हती, म्हणून विद्या तरली.

जुने मुखवटे परत मिळविण्यासाठी मात्र आणखी पाव शतक झगडावे लागले. ते ठेवायला संग्रहालये बांधा, मग देऊ, अशी अट पडली. लोकांनी ती पुरी केली. केप मज येथे 1979 साली एक संग्रहालय उभे राहिले आणि अॅलर्ट बेला 1980 च्या नोव्हेंबरात दुसरे. या दुसऱ्याच्या उभारणीत डॅन क्रॅनमर यांची कन्या ग्लोरिया क्रॅनमर वेब्स्टर अग्रभागी होत्या. शेजारीच, जेथे मुलांना मातृभाषा बोलायची मनाई होती त्या निवासी शाळेची इमारत उभी होती. ती पुढे 2015 साली पाडली.

संग्रहालयाचे नाव ‘उमिस्ता’. पूर्वी शत्रूच्या धाडीत माणसे पकडून नेली जात. खंडणी भरून किंवा उलट धाड घालून ती सोडवून आणली की त्यांना उमिस्ता लाभली असे म्हणत. लाकडाच्या वस्तूंना हा शब्द लावणाऱ्यांनी त्या कपाटात कोंडायचे नाकारले. परत आलेले मुखवटे तेथे काचेविना, समारंभात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने मांडलेले आहेत.

सगळेच काही परतलेले नाही. टोरोंटोच्या वस्तू 1988 साली आल्या, न्यूयॉर्कच्या काही त्यानंतर. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांच्या संग्रहात एक शिरोभूषण होते. ते त्यांच्या कन्येने 2003 साली आपण होऊन परत पाठविले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही तो उघडमीट करणारा एक मुखवटा निघाला. 2005 साली तो अॅलर्ट बेला आला, पण मालकी लंडनकडेच ठेवून, दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर.