दूध-पोळी की मऊ भात?

नाजूक पोटाच्या कुत्र्याला नागपुरातही सर्रास दूध-पोळी घातली जाते. पण वयाबरोबर कुत्र्याच्या आतड्यातले लॅक्टेज हे विकर घटते. न पचलेली दुग्धशर्करा आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब लागतात. काहींना दूध सोसते हे खरे, पण पोट बिघडलेले असताना ती परीक्षा कशाला? ‘कुत्रा मांसाहारी, त्याला भात कसा पचेल?’ हा आक्षेपही टिकत नाही. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०. म्हणून मऊ भात आणि बिनमसाल्याचे उकडलेले चिकन थोडे थोडे द्यावे. सावजी रस्सा मात्र नकोच: तेल पोटाला जड, कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशींना घातक. जुलाब थांबले नाहीत किंवा रक्त दिसले, तर पशुवैद्यकाकडे न्यावे. वैदर्भीय उन्हाळ्यात अंगातले पाणी झपाट्याने आटते.