पहिल्यांदाच संगीत नाटकाला जाताय?

तिसऱ्या घंटेआधी खुर्ची गाठा. नांदी, म्हणजे सुरुवातीचे मंगलगीत, चुकली तर निम्मी मजा गेली. ही परंपरा जुनी आहे: ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले, तेही पहिले चारच अंक. पूर्ण नाटकात दोनशेवर पदे होती! आज त्यांतली बरीच गाळतात, आणि ते बरेच आहे. साथीला तबला आणि ऑर्गन. हार्मोनियमवर एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनचा भाता पायांनी चालतो, म्हणून वादकाचे दोन्ही हात सुरांवर. पद रंगले तर ‘वन्स मोअर’ खुशाल द्या. नट पुन्हा गातो, कथानक तिथेच थांबते, आणि कुणाची त्याबद्दल तक्रार नसते. प्रयोग लांबू शकतो; शेवटच्या गाडीची वेळ तेवढी आधी बघून ठेवा.